ढबीच्या चाकाखालची पाचर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाचर आहे. पाचर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते, मी आयुष्यात कुणाच्या चांगल्या चाललेल्या कामात शिरलेली नाही. मी चाकाखाली शिरते. तिथे गप्प पडून राहते आणि वर उभ्या असलेल्या घराला सपाट ठेवते. ठेवायचे, असं म्हणायला हवं. सध्या मी पिरोत गावात एका अंगणात हातपंपाजवळ पडून आहे. माझ्या अंगावर गोगलगायी फिरतात. त्यांना चढ आवडतो.

जातीने मी ओक. डोंगरात झाड होते तेव्हाचं फारसं आठवत नाही. पुढचं मात्र लख्ख आठवतं. मला कापलं, डांबरात बुडवलं आणि रेल्वेच्या रुळाखाली घातलं. सत्तावीस वर्षं मालगाड्या माझ्या पाठीवरून गेल्या. मग रेल्वेने सिमेंटचे स्लीपर आणले आणि आम्हा म्हाताऱ्यांना रुळाच्या कडेला रचून ठेवलं. लोक यायचे, एकेक उचलून न्यायचे. कुणाची पायरी झाली, कुणाच्या डुकरांचं कुंपण झालं. मला नेलं रादोयित्सा नावाच्या फरशीवाल्याने. (वयाने मी त्याच्याहून मोठी, म्हणून अरेतुरेच करते.)

रादोयित्साने घातलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती कुठे जावं याचा विचार करत जागच्या जागी उभी राहते, असं पिरोतमध्ये म्हणत. त्याच्याजवळ एक पाणसळ होती. लाकडी पट्टी, मधे काचेची नळी, नळीत पिवळं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधल्या दोन रेघांच्या आत आला की जमीन सपाट. नवसाच्या मुलाकडे बघावं तसा रादोयित्सा त्या बुडबुड्याकडे बघायचा.

आणि अशा माणसाच्या बायकोला कुठला आजार असावा? पेर्सिदाला कानाच्या आतलं दुखणं होतं. पायाखालची जमीन बोटभर कलली तरी तिला सगळं जग भोवऱ्यासारखं गरगरायचं. उमासे यायचे, भिंत धरून खाली बसावं लागायचं. अकरा वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. तिचा सख्खा भाऊ तिहोमिर त्याच गावात, पण चढावरच्या गल्लीत राहायचा, तर त्याच्याकडेही गेली नव्हती.

"ताई, माझं घर तिरकं नाही गं," तिहोमिर म्हणायचा. "माझं नशीब तिरकं. तू येऊन तर बघ."

"तुझ्या घरी आले तर पडेन, आणि पडले तर तू हसशील," ती म्हणायची.

एकदा टीव्हीवर व्लासिनाचं तळं दाखवत होते. कुरणं, धुकं, पाण्यावर तरंगणारी गवताची बेटं. पेर्सिदा लसूण सोलता सोलता थांबली आणि बघत राहिली. रादोयित्साने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो बेकरीवाल्याकडून पाव पोचवायची जुनी व्हॅन घेऊन आला आणि अंगणात उभी करून म्हणाला, "मी आयुष्यभर लोकांची जमीन सपाट केली. आता तू बोट दाखवशील तिथे तुझी करून देतो. पलंगासकट."

अशी आमची ढबी जन्माला आली. आत पलंग, टेबल, गॅसवर चालणारा फ्रीज, दोन शेगड्या आणि एक माणूस श्वास रोखून बसला तर मावेल एवढा संडास. वर्षभर तिच्यात पावाचाच वास येत होता. भटकी कुत्री मोठ्या आशेने मागे धावायची.

आणि मी? मला रादोयित्साने करवतीने मधोमध कापलं आणि दोन पाचरी केल्या. एक मी, एक माझी जुळी बहीण. दोघींच्या अंगावर तीन तीन पायऱ्या, म्हणजे जेवढा उतार असेल तेवढंच चाक चढवायचं. वरच्या टोकाला लोखंडी पट्टी ठोकली, चाक पलीकडे उतरू नये म्हणून. कापलं तेव्हा दुखलं, खोटं कशाला सांगू? पण सत्तावीस वर्षं मी कुणाला उचलत होते ते मला कधी कळलंच नव्हतं. आता कळायला लागलं.

आमचं काम कसं चालायचं सांगते, नीट ऐका. वाटेत पेर्सिदा डोळे मिटून पलंगावर पडून राहायची, आणि कुठेही पोचलं की आधी खाली उतरून खुर्चीत बसायची. रादोयित्सा पाणसळ घेऊन आत जायचा. जमिनीवर एकदा लांबीत ठेवायची, एकदा रुंदीत. कुठलं चाक किती खाली आहे ते बोटांनी मोजायचं आणि खाली असलेल्या चाकांपुढे आम्हाला लावायचं. मग गाडी मुंगीच्या पावलाने आमच्यावर चढवायची. चढली की हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि लगेच मागच्या चाकांना उताराच्या बाजूने उट्या, म्हणजे चाक सरकू नये म्हणून लावायचे ठोकळे. उटी लागेपर्यंत कुणी पाय आत टाकायचा नाही. सगळ्यात शेवटी गाडीचे चार लोखंडी पाय खाली सोडायचे, फळ्यांवर, आणि तेही टेकण्यापुरतेच. "पाय उभं राहायला असतात, वजन उचलायला नाही," हे तो इतक्यांदा म्हणायचा की मला पाठ झालं. मग पेर्सिदा काठोकाठ भरलेला कॉफीचा कप घेऊन आत जायची आणि टेबलावर ठेवायची. तिने "हं, सपाट आहे" म्हटलं की रादोयित्सा टोपी काढून घाम पुसायचा.

तिहोमिरला हे सगळं बघून पोटदुखी व्हायची. तो प्रत्येक सहलीला असायचाच, बोलावलं तरी आणि नाही तरी. "दाजी, गाडी लावताय की चर्च बांधताय? तिकडे मासे म्हातारे व्हायला लागले!"

"मेहुणे, तुम्ही खुर्चीत बसा. तुमच्या डोक्यात बुडबुडा आहेच, तो मधोमध येतो का बघा."

पहिल्याच उन्हाळ्यात एकदा रादोयित्सा पाणी भरायला गेला होता, तेवढ्यात मेहुण्यांना पराक्रमाची उबळ आली. "पाचरी कशाला?" म्हणाले. "लोखंडाचे चार पाय आहेत, ते फिरवून उचलतो!" मागचा एक पाय त्यांनी दमेस्तोवर फिरवला. ढबीचं मागचं ढुंगण एका कोपऱ्यातून वर गेलं, सगळा सांगाडा पिळला गेला. स्वतःच्या कामावर खूश होऊन तिहोमिर संडासात जाऊन बसला. बाहेर यायला निघाला तर दार चौकटीत घट्ट. सांगाडा पिळलेला, दार कसं उघडणार?

"दाजी! दार उघडत नाही!"

"कसं उघडेल?" रादोयित्सा बाहेरून म्हणाला. त्याने पाय बघितला होता. "तुम्ही घराची मान मुरगाळलीत. आता हळूहळू सरळ करतो. बसून राहा."

"बसलोच आहे ना! अर्धा तास झाला!"

तेवढ्यात तो लोखंडी पाय वाकला, ढबी धप्पकन खाली बसली, शेगडीवरचं घेवड्याचं पातेलं उडालं आणि दार आपोआप उघडलं. तिहोमिर बाहेर आला तो डोक्यापासून घेवड्याने माखलेला. त्या दिवशी पेर्सिदा बाहेर खुर्चीत बसून इतकी हसली की पोट धरून बसली. अकरा वर्षांत ती अशी हसलेली रादोयित्साने पाहिली नव्हती. तो तिहोमिरला एक शब्दही बोलला नाही.

ती चांगली वर्षं होती, मित्रांनो. आम्ही नद्यांच्या काठी राहिलो, डोंगरात राहिलो, एकदा तर ग्रीसच्या समुद्रापर्यंत गेलो. पेर्सिदा प्रत्येक ठिकाणी शेजाऱ्यांना कॉफीला बोलवायची आणि कप पालथे घालून गाळावरून भविष्य सांगायची. आजूबाजूचे गाडीवाले रादोयित्साला हात जोडून म्हणायचे, "मास्तर, आमची पण जरा बघा ना, रात्रभर उशीवरून घसरतोय." आम्हा दोघींना घेऊन तो जायचा. परत आल्यावर आम्हाला फडक्याने पुसायचा, हिवाळ्यात अळशीचं तेल लावून कोरड्यात ठेवायचा. पाचरीचं एवढं कौतुक मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही.

मग रादोयित्साचे डोळे गेले. एकदम नाही गेले. नजरेच्या मधोमध एक करडा डाग आला. कडेचं सगळं दिसायचं, फक्त ज्याच्याकडे बघायचं तेच दिसायचं नाही. देवाची थट्टा बघा! ज्या माणसाने आयुष्यभर मधोमध काय आहे तेवढंच बघितलं, त्याचंच मधोमध गेलं.

त्याने कुणालाही सांगितलं नाही. पाठ दुखते म्हणाला आणि स्टीअरिंग तिहोमिरला दिलं. पण पाणसळ दिली नाही. आत जाऊन ती जमिनीवर ठेवायचा, मान वाकडी करून कडेने बघायचा, बुडबुडा सापडायचा नाही. मग कपाळ पुसायचा आणि अंदाजाने सांगायचा, "डावीकडे दुसरी पायरी." आमच्या जागा चुकायला लागल्या.

आम्हाला कळायचंच. वजन सारखं बसलं की आम्हा दोघींना सारखंच दाबलं जातं. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ढबी माझ्यावर रेलून उभी राहिली आणि बहिणीवर भारच नाही. मी वाट बघत होते, आता पेर्सिदा आत जाईल, कप ठेवेल आणि म्हणेल, "अरे म्हाताऱ्या, हे काय केलंस?"

पेर्सिदा आत गेली. कप ठेवला. कॉफी एका बाजूने बशीत सांडली. तिने पाणसळीकडे पाहिलं. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. मग तिने दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून तिच्या आवाजाची वाट बघत होता.

"सपाट आहे," ती म्हणाली.

त्याने टोपी काढून घाम पुसला.

तीन उन्हाळे ती हेच म्हणत राहिली. बोलताना एका हाताने टेबलाची कड धरायची, इतकी घट्ट की बोटं पांढरी पडायची. गॅसचा फ्रीज तिरका झाला की थंड करत नाही, दूध नासायचं, तर ती गुपचूप ओतून द्यायची आणि म्हणायची, "मी प्यायले." पलंगावर डोकं खाली यायचं, म्हणून ती बसूनच झोपायची. सकाळी "रानातला पुदिना आणते" म्हणून बाहेर पडायची, गाडीच्या पलीकडे पुढच्या चाकाशी यायची आणि ओकायची. मग तोंड पुसून, चार पानं खुडून परत जायची. तिथे मी होते, म्हणून मला माहीत. दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

मला वाटायचं, ओरडावं. पण पाचरीला तोंड दिलेलं नाही. दिलं असतं तरी मी काय सांगितलं असतं? की तुझी बायको तुझ्यासाठी आजारी पडते? आणि मग त्या माणसाजवळ काय उरलं असतं?

शेवटची सहल व्लासिनाची. इतक्या वर्षांत तिथेच जायचं राहिलं होतं. दर वेळी काही ना काही आडवं यायचं.

कुरण तळ्याच्या दिशेने उतरत होतं. तिहोमिरने ढबीचं तोंड पाण्याकडे केलं, रादोयित्साने आम्हाला पुढच्या चाकांपुढे लावलं. मला पहिली पायरी, बहिणीला तिसरी. हवी होती बरोबर उलटी. ढबी माझ्या बाजूला इतकी कलली की माझ्या डांबराला घाम फुटला. आणि पेर्सिदा आत जाऊन म्हणाली, "सपाट आहे. इथली तर सगळ्यात छान."

नऊ दिवस राहिलो. तळ्याकाठी वीसेक गाड्या होत्या. पेर्सिदाने सगळ्यांना कॉफी पाजली आणि कप बघितले. आता घर एका बाजूला कललेलं, तर कपातला गाळसुद्धा दर वेळी त्याच बाजूला वाहणार. प्रत्येकाच्या कपात एक लांबच लांब रेघ. "लांबचा प्रवास आहे," ती सांगायची. दुसऱ्याला प्रवास, तिसऱ्याला प्रवास. लेस्कोवात्सची एक म्हातारी नव्वदीची होती, तिलाही प्रवास निघाला.

"अगं बाई, मला आता एकच प्रवास उरलाय," म्हातारी म्हणाली, "आणि त्याला कप कशाला बघायला हवा?"

सगळे हसले. पेर्सिदाही हसली. हसताना टेबलाची कड सोडली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या मागे पाणी ओततात. म्हणजे रस्ता पाण्यासारखा वाहता राहतो, अडत नाही. एक पेला पुरतो. पण पेर्सिदाने तिथे सगळ्यांना इतका जीव लावला होता की वीस गाड्यांमधून माणसं बाहेर आली, आणि पेला घेऊन कोण येतो? जो तो बादली घेऊन! कुणी कळशी, कुणी कॅन. लेस्कोवात्सच्या म्हातारीने नातवाकडून घमेलं भरून आणवलं. गाडी अजून उभीच आहे, इंजिन नुसतं गरम होतंय, पण "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करता करता सगळ्यांनी एकदमच ओतलं, धाडकन.

पाणी कुठे जाणार? उताराने खाली. चाकांखालून वाहत सरळ आमच्यापाशी. व्लासिनाची माती काळी, मऊ, गवत कुजून झालेली. ती पाणी प्यायली आणि साबणासारखी झाली. मला माझ्या पोटाखालून जमीन सरकताना कळत होती.

त्याच वेळी तिहोमिर इंजिन सुरू ठेवून, गिअर काढून, नुसत्या हँडब्रेकवर खाली उतरला होता. निरोपाची राकिया, आमची फळांची दारू, घ्यायची राहिली होती ना! जाताना कोट सीटच्या पाठीला अडकवून गेला. लोखंडी पाय आधीच वर घेतलेले होते. पेर्सिदा आत कपाटांच्या कड्या लावत होती.

रादोयित्सा पुढे आला, खिडकीतून आत बघितलं. कडेच्या नजरेने त्याला सीटवर मोठा काळा आकार दिसला. तिहोमिरच.

"मेहुणे, उट्या काढतो हं!"

मेहुणे बोलले नाहीत. आदल्या दिवशी पत्त्यांवरून भांडण झालं होतं, फुगले असतील, असं त्याला वाटलं. तो मागे गेला, गुडघ्यावर बसला, चाचपडत एक उटी काढली, मग दुसरी.

माझी बहीण आधी घसरली. मग मी. ढबी एक आचका देऊन आमच्यावरून पलीकडे उतरली. मला चाकाने बाजूला उडवलं, म्हणून मी उताणी पडून सगळं बघत होते. ढबी कुरणावरून निघाली. जोरात नाही, एखादी जाड बाई लग्नाच्या पंगतीकडे निघावी तशी. राकियाचा पेला हातात घेऊन तिहोमिर मागे धावला. वीस गाड्यांची माणसं रिकाम्या बादल्या घेऊन मागे धावली. लेस्कोवात्सची म्हातारी ओरडली, "अगं, निरोप तरी घे नीट!" तिला वाटलं, खरंच निघाली.

रादोयित्सा एकटा धावला नाही. हातात दोन उट्या, तसाच गुडघ्यावर, आवाजाच्या दिशेने मान वाकडी करून. "पेर्सिदा?" तो म्हणाला. "पेर्सिदा कुठाय?"

ढबी तळ्याच्या काठाशी चिखलात शिरली, आसापर्यंत रुतली, एक उसासा टाकून थांबली. चारही चाकं सारखीच खोल.

तिहोमिरने दार उघडलं. आत पेर्सिदा जमिनीवर बसली होती, कपाळाला थोडं लागलं होतं, मांडीत फुटका कप. रादोयित्साला दोघांनी धरून खाली आणलं. तो आत चढला, जमिनीवर हात फिरवत तिच्यापर्यंत गेला, तिचं तोंड, खांदे, हात चाचपले.

"लागलं का? गरगरतंय का? थांब, बाहेर काढतो, सगळं वाकडं झालं असेल..."

पेर्सिदा इकडेतिकडे बघत होती. टेबलावरून हात काढून घेतला. पाय सरळ केले. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही रे. आज खरंच सपाट आहे."

मग तिने घाईने टेबलाची कड पुन्हा धरली. पण शब्द बाहेर पडला होता.

रादोयित्साचा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला. बाहेर वीस माणसं चिखलात उभी होती, कुणी हसत होतं, कुणी ट्रॅक्टर कुणाकडे आहे ते विचारत होतं.

"आज," तो म्हणाला. "आणि काल?"

तिने मांडीतला फुटका कप उचलून बाजूला ठेवला.

"ग्रीसला? मागच्या वर्षी नदीवर?"

"ग्रीसला होतं," ती हळूच म्हणाली. "ग्रीसला अगदी सपाट होतं."

"मग केव्हापासून?"

"म्हाताऱ्या, जाऊ दे ना."

त्याने टोपी काढली. घाम पुसायला नाही. नुसतीच काढून मांडीवर ठेवली आणि तिथेच जमिनीवर तिच्याशेजारी बसला. तिहोमिर दारात उभा होता. तो चिखलात उतरून उगीचच माझ्या बहिणीला शोधायला लागला. ती सापडली नाही. ढबीने तिला आपल्याखाली ढकलत नेलं होतं. ट्रॅक्टरने गाडी निघाली, बहीण तिथेच राहिली. अजून तिथेच आहे.

त्यानंतर ढबी हलली नाही. हिवाळाभर अंगणात उभी होती. पुढच्या वसंतात निशहून एक जण ती विकत घ्यायला आला. त्याला तिच्यात कॉफीचं दुकान काढायचं होतं. रादोयित्सा म्हणाला, "तासभर थांबा. तिरकी कशी देऊ? एकदा सपाट करून देतो, मग न्या."

माणूस हसला. तिहोमिर त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "हसू नकोस. बस तिकडे, राकिया घे."

एका चाकाखाली मला ठेवलं. दुसऱ्याखाली बहीण नव्हती, म्हणून विटा. रादोयित्साने पाणसळ हातात घेतली, जमिनीवर ठेवली आणि नेहमीसारखी मान वाकडी केली. मग थांबला. पाणसळ उचलून त्याने मागे धरली, घरातून बाहेर आलेल्या पेर्सिदाच्या दिशेने.

"तू बघ," म्हणाला. "आणि खरं सांग."

तिने पाणसळ ठेवली. "डावीकडे दोन बोटं खाली."

त्याने वीट घातली. तिहोमिरने गाडी पुढेमागे केली.

"आता?"

"नाही. आता उजवीकडे बोटभर."

"आता?"

"नाही."

असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. वीट फुटायची, दुसरी घालायचे. एकट्या पाचरीने आणि विटांनी जेवढं होतं तेवढं झालं, पूर्ण नाही झालं. दर वेळी ती खरं तेच सांगत होती, आणि दर वेळी त्याचा चेहरा थोडा पडायचा, थोडा मोकळा व्हायचा.

शेवटी पेर्सिदा म्हणाली, "पुरे. चल, आत बसू जरा."

"अगं, पण सपाट नाहीये."

"माहीत आहे."

दोघं आत जाऊन पलंगावर बसले. मला वरून दोघांचं वजन कळत होतं.

"गरगरतंय?" त्याने विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप."

"मग उतर ना."

"थांब थोडं," ती म्हणाली.

ती उतरली तेव्हा तोल जात होता. हातपंपाशी बसून ती ओकली. या वेळी तो शेजारी होता. त्याने तिचं कपाळ धरलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तो दुसरीकडे कुठे बघतही नव्हता.

निशचा माणूस ढबी घेऊन गेला. माझ्याबद्दल विचारलं होतं त्याला, "पाचर हवी का?" तो म्हणाला, "एकटी घेऊन काय करू?" बरोबरच आहे.

मित्रांनो, कुणी दूर निघालं तर त्याच्यामागे पाणी जरूर ओता, पण पेलाभर ओता. घर चाकांवरचं असो की बिनचाकांचं, उटी आधी लावा आणि सगळ्यात शेवटी काढा, तीही आत कोण आहे ते नाव घेऊन, उत्तर ऐकून. माझ्यासारख्या लाकडाला वर्षातून एकदा तेल दाखवा. आणि एक विनंती आहे, तेवढी ऐका. तुमच्या घरात कुणीतरी असेल ज्याला तुम्ही जाता-येता विचारता, "सगळं ठीक ना?" आणि ते म्हणतं, "ठीक आहे." तेवढ्यावर टोपी काढून घाम पुसू नका. तिथेच जरा बसा. पुन्हा विचारा. उत्तर वाईट आलं तर उठून पळू नका. मी सत्तावीस वर्षं मालगाड्या उचलल्या, आठ उन्हाळे ढबी उचलली, पण खरं वजन किती असतं ते मला त्या अंगणात, दोन म्हाताऱ्या माणसांखाली कळलं.